दूरच्या दीर्घिकेतल्या वायूचं तापमान आणि घनता: रेणूंच्या रेषांपासून आकड्यापर्यंत, टप्प्याटप्प्याने

एम.एस्सी.च्या प्रकल्पांत आणि पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाच्या अहवालांत एक वाक्य हमखास सापडतं: "वायूचं तापमान ३०० केल्विन, घनता दर घन सेंटिमीटरला एक लाख रेणू." खाली रेडेक्सचा (रेणूंच्या रेषा किती प्रखर येतील ते काढणाऱ्या प्रोग्रामचा) आउटपुट चिकटवलेला असतो. रेडेक्स सहसा चुकलेलं नसतं. घोळ त्याच्या बराच आधी झालेला असतो. दोन रेषा (रेणू ठरावीक वारंवारतांना सोडतात ते प्रारण) वेगवेगळ्या बीमवर (दुर्बिणीला वेगळा दिसणारा आकाशातला सर्वांत लहान ठिपका) मोजलेल्या असतात, जान्स्कीतलं (रेडिओ प्रारणाच्या एककातलं) गुणोत्तर केल्विनचं म्हणून वापरलेलं असतं, नाहीतर शेजारच्या मिथेनॉलची रेषा फॉर्मल्डिहाइडच्या खात्यात जमा झालेली असते. म्हणून इथे सॉफ्टवेअरच्या बटणांपेक्षा कामाच्या क्रमाला जास्त जागा दिली आहे.

उदाहरण म्हणून एनजीसी २५३ घेऊ. ही दीर्घिका सुमारे ३५ लाख पार्सेकवर, म्हणजे साधारण १ कोटी १४ लाख प्रकाशवर्षांवर आहे. विश्वाच्या मापाने शेजारीण, पण तिच्या गाभ्यात तारे धडाक्याने तयार होतायत आणि तिथे रेणूंच्या रेषांची गर्दी आहे. शिवाय चिलीतल्या अल्मा या रेडिओ दुर्बिणीच्या 'अल्केमी' या मोठ्या सर्वेक्षणाने हा गाभा ८४ ते ३७३ गिगाहर्ट्झपर्यंत जवळजवळ सलग पाहिला असून तो डेटा संग्रहात आहे. खूप दूरच्या दीर्घिकांसाठी काय बदलतं ते शेवटच्या टप्प्यात येईल.

## तयारी: डेटा उघडण्याआधी

प्रश्न एका वाक्यात लिहून काढा. "एनजीसी २५३ मधल्या वायूचा अभ्यास" हा प्रश्न नव्हे. "गाभ्यातल्या दाट वायूचं तापमान ३० पार्सेकच्या पट्टीवर किती आहे?" हा प्रश्न. यात पट्टी आली, वायूचा प्रकार आला आणि मोजायची राशी आली. यातलं काही गाळलंत तर पुढे कोणता रेणू निवडायचा तेच ठरत नाही.

सामान फार लागत नाही. प्रतिमांवरच्या कामाला कासा, डेटाचे घन (प्रत्येक वारंवारता-चॅनेलची एक प्रतिमा, अशी थप्पी) चाळून बघायला कार्टा, पायथनमध्ये अॅस्ट्रोपाय आणि स्पेक्ट्रल-क्यूब, मॉडेलसाठी रेडेक्स. रेणूंच्या टक्करींचे दर लायडनच्या लामडा संग्रहातून घ्या, रेषांच्या वारंवारता कोलोनच्या सीडीएमएस यादीतून किंवा स्प्लॅटलॉगवरून. वारंवारता आठवणीतून किंवा एखाद्या जुन्या प्रबंधातून टाइप करू नका.

एका कागदावर दीर्घिकेचं अंतर, वेग (एनजीसी २५३ साठी सेकंदाला सुमारे २५० किलोमीटर), रेषांची अपेक्षित रुंदी आणि तुम्हाला हवा असलेला बीम एवढं लिहून ठेवा. हा कागद सगळ्या टप्प्यांत लागतो.

पुण्याकडच्या विद्यार्थ्यांचा एक प्रश्न ठरलेला: नारायणगावजवळच्या जीएमआरटीवर हे काम होईल का? बहुतेक नाही. जीएमआरटी साधारण १४५० मेगाहर्ट्झच्या वर जात नाही आणि सीओची (कार्बन मोनॉक्साइडची) सगळ्यात खालची रेषाच ११५ गिगाहर्ट्झवर आहे. हायड्रॉक्सिलच्या १६६५ आणि १६६७ मेगाहर्ट्झच्या रेषा तिथे मिळू शकतात, पण त्या पट्ट्यात उतरायला दीर्घिकेची ताम्रसृती (दूर जाण्यामुळे तरंगलांबी किती प्रमाणात वाढली ते) ०.१५ च्या वर हवी. तो वेगळाच, चांगला प्रकल्प आहे. आपल्या प्रश्नासाठी अल्माचा संग्रह पुरतो. निरीक्षकांचा राखीव काळ, सहसा १२ महिने, उलटला की तो डेटा कोणालाही उतरवून घेता येतो.

## टप्पा १: प्रश्नाला रेणू जुळवा

सीओ सगळीकडे दिसतो, कारण त्याची पहिली उत्तेजित पातळी जेमतेम ५.५ केल्विनवर आहे आणि १–० रेषेला (पहिल्या पातळीवरून तळाच्या पातळीवर उतरताना सुटणाऱ्या) दर घन सेंटिमीटरला दोनेक हजार रेणूंची घनता पुरते. एकूण वायू किती आणि तो कसा फिरतोय, एवढ्यापुरता सीओ उत्तम. पण त्याची रेषा अपारदर्शक असते, म्हणजे आपल्याला ढगाचा पृष्ठभागच दिसतो. आतल्या रेणूंची संख्या काढायची असेल तर कार्बन-१३ चा सीओ घ्या. त्याची रेषा ११०.२०१ गिगाहर्ट्झवर आहे.

दाट वायूसाठी एचसीएन, एचसीओ-प्लस आणि सीएस. एचसीएनच्या १–० रेषेची क्रांतिक घनता (जिथे टक्करींचा दर प्रकाश सोडण्याच्या दराइतका होतो ती) काही लाखांत सांगतात. पण क्रांतिक घनता म्हणजे उंबरठा नव्हे. त्याच्या कितीतरी खालच्या घनतेचा वायूही ही रेषा सोडतो, कारण फोटॉन आतल्या आत अडकून पातळ्या भरत राहतात. सराव म्हणून १० केल्विनचा वायू आणि नेहमीची एचसीएनची स्तंभ घनता (दृष्टिरेषेवर दर चौरस सेंटिमीटरला किती रेणू ते) घेऊन रेडेक्स चालवून बघा. दहा हजाराच्या आसपासच्या घनतेलाही रेषा सहज मोजण्याजोगी येते. "एचसीएन दिसला, म्हणून घनता दहा लाख" हे वाक्य लिहायचं नाही.

तापमानासाठी दोन रेणू भरवशाचे: २३.७ गिगाहर्ट्झजवळचा अमोनिया आणि २१८ गिगाहर्ट्झजवळचा पॅरा-फॉर्मल्डिहाइड (पॅरा आणि ऑर्थो हे त्यातल्या हायड्रोजनच्या केंद्रकांच्या फिरकीवरून पडणारे दोन प्रकार). दोघांच्या ऊर्जापातळ्या वेगवेगळ्या शिड्यांत मांडलेल्या असतात आणि एका शिडीवरून दुसरीवर प्रकाश सोडून जाण्याची वाट जवळजवळ बंद असते. मग कोणत्या शिडीवर किती रेणू हे टक्करी ठरवतात, म्हणजेच वायूचं तापमान ठरवतं.

आघात-तरंग शोधताय तर सिलिकॉन मोनॉक्साइड बघा, कारण धुळीचे कण फुटल्याशिवाय सिलिकॉन वायूत फारसा येत नाही. वैश्विक किरणांनी होणाऱ्या आयनीकरणासाठी एचओसी-प्लस, सीसीएच आणि हायड्रोनियमकडे वळा. अल्केमीच्या गटांनी याच मार्गाने एनजीसी २५३ च्या गाभ्यात आयनीकरणाचा दर आपल्या आकाशगंगेतल्या नेहमीच्या दरापेक्षा हजारपट आणि त्याहूनही जास्त काढला.

सावधान: तापमान किंवा घनता काढताना एकाच रेणूच्या रेषांचं गुणोत्तर घ्या. एचसीएन भागिले सीओ या गुणोत्तरात घनता आहे, तापमान आहे आणि त्या दोन रेणूंचं रासायनिक प्रमाणही आहे. तीन अज्ञात राशी एका आकड्यातून सुटत नाहीत.

## टप्पा २: रेषा कुठे पडेल ते आधी काढा

एनजीसी २५३ साठी गणित सोपं. सीओ १–० ची मूळ वारंवारता ११५.२७१२ गिगाहर्ट्झ. सेकंदाला २५० किलोमीटर वेगाने ती सुमारे ९६ मेगाहर्ट्झ खाली सरकून ११५.१७५ वर येते.

फसवणूक वेगाच्या व्याख्येत आहे. रेडिओवाले वेग वारंवारतेच्या फरकावरून काढतात, ऑप्टिकलवाले तरंगलांबीच्या. इतक्या कमी वेगाला दोन्ही व्याख्यांत सेकंदाला ०.२ किलोमीटरचा फरक पडतो, तो विसरा. पण ताम्रसृती ०.०५ असेल तर ऑप्टिकल वेग १४,९९० आणि रेडिओ वेग १४,२७६ येतो. ७१४ किलोमीटरचा फरक! अख्खी रेषा खिडकीबाहेर जाते आणि मग "रेषा आढळली नाही" असा निष्कर्ष निघतो.

तपासणी: घनाच्या हेडरमध्ये तीन नोंदी वाचा: मूळ वारंवारता, वेगाची व्याख्या आणि संदर्भ-चौकट (स्थानिक ताऱ्यांची की सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याची). मूळ वारंवारता त्या त्या रेषेची हवी, बाकी दोन नोंदी गुणोत्तरातल्या सगळ्या घनांत नीट जुळायला हव्यात.

## टप्पा ३: डेटा उतरवल्यावर तीन गोष्टी

पहिली, प्राथमिक बीमची दुरुस्ती. अँटेनाची संवेदनशीलता मधून कडेकडे घटत जाते. प्रतिमा दुरुस्त केलेली आणि न केलेली अशा दोन प्रकारची असते. रेषेची तीव्रता दुरुस्त प्रतिमेवर मोजा. गोंगाट न दुरुस्त केलेल्या प्रतिमेवर मोजा, कारण तिथे तो सगळीकडे सारखा असतो, आणि मग स्रोताच्या जागी प्राथमिक बीमच्या मूल्याने भागा.

दुसरी, सलग प्रारण (रेषांखेरीज सगळ्या वारंवारतांवर पसरलेलं) वजा झालंय का. रेषा नसलेले चॅनेल निवडून धुळीचं आणि मुक्त इलेक्ट्रॉनांचं प्रारण वजा करतात. एनजीसी २५३ च्या गाभ्यात १ मिलिमीटरच्या आसपास रेषा इतक्या खेटून आहेत की रिकामे चॅनेल सापडणंच अवघड होतं. पाइपलाइनने (डेटावरच्या स्वयंचलित प्रक्रियेने) ज्यांना रिकामे मानलंय ते खरंच तसे आहेत का, हे स्वतः बघा. तिथे अंधुक रेषांचा गाळ असेल तर वजाबाकी जास्त होते, सगळा वर्णपट खाली बसतो आणि त्याचा मार कमजोर रेषांना बसतो. तापमान काढायला नेमक्या कमजोर रेषाच लागतात. अशा ठिकाणी चॅनेलांच्या सांख्यिकीवरून सलग पातळी काढणारं स्टॅटकाँट वापरणं बरं.

तिसरी, हरवलेलं प्रारण. इंटरफेरोमीटरला (अनेक अँटेना जोडून केलेल्या अल्मासारख्या दुर्बिणीला) एका मर्यादेपेक्षा पसरट रचना दिसतच नाही आणि ती मर्यादा वारंवारतेच्या व्यस्त प्रमाणात असते. अँटेनांची मांडणी तीच ठेवून ३–२ रेषा पाहिली तर दिसणारी कमाल पट्टी १–० च्या एक तृतीयांश होते. म्हणजे १–० मध्ये पसरट वायू मोजला गेला आणि ३–२ मध्ये तो गाळला गेला, तर गुणोत्तर आपोआप पडतं आणि वायू थंड "निघतो". उपाय म्हणजे ७ मीटरच्या अँटेनांची छोटी रांग आणि जमल्यास एकेरी डिशचा डेटा जोडलेला घन निवडणं. तसा मिळत नसेल तर दोन्ही रेषांसाठी बेसलाइनचा (तरंगलांबीच्या पटीत मोजलेल्या, दोन अँटेनांतल्या अंतराचा) समान पट्टा ठेवून प्रतिमा नव्याने बनवणं.

## टप्पा ४: एक बीम, एक ग्रिड, मग केल्विन

क्रम हाच ठेवा. आधी सगळे घन सगळ्यात मोठ्या बीमपर्यंत अस्पष्ट करा. कासात त्यासाठी इमस्मूथ आहे. मग सगळे एकाच ग्रिडवर आणि एकाच चॅनेल-रुंदीवर बसवा. त्यानंतर एकक बदला. एकक आधी बदलून मग बीम बदलणाऱ्यांच्या हेडरमध्ये जुना बीम राहून जातो आणि रूपांतर दोनदा होतं, हे नेहमीचं आहे.

रूपांतराचा हिशेब: तापमान केल्विनमध्ये = १२,२२,००० गुणिले तीव्रता (दर बीम जान्स्की), भागिले वारंवारतेचा वर्ग (गिगाहर्ट्झ), भागिले बीमच्या दोन्ही अक्षांचा गुणाकार (आर्कसेकंद). अल्केमीचा समान बीम १.६ आर्कसेकंदाचा आहे, एनजीसी २५३ मध्ये तो सुमारे २८ पार्सेक भरतो. या बीमवर ११५.२ गिगाहर्ट्झला दर बीम १ जान्स्की म्हणजे ३६ केल्विन आणि २३०.४ गिगाहर्ट्झला ९ केल्विन.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. पूर्ण उष्मीय समतोलातल्या, अपारदर्शक, गरम वायूत सीओ २–१ आणि १–० चं केल्विनमधलं गुणोत्तर १ च्या आसपास येतं. जान्स्कीत तेच ४ येतं. अहवालात "२–१ ची रेषा १–० च्या चौपट प्रखर, म्हणजे वायू अतिशय उत्तेजित" असं वाचलं की मी आधी एकक विचारतो. रेडेक्सला केल्विनच लागतं.

तपासणी: बीम बदलण्याआधी आणि नंतर, स्रोताला पुरून उरेल एवढ्या मोठ्या वर्तुळातलं एकूण प्रारण जान्स्कीत मोजा. ते एखाद-दोन टक्क्यांत जुळलं नाही तर थांबा.

## टप्पा ५: रेषा खरंच त्याच रेणूची आहे ना?

फॉर्मल्डिहाइडचा पट्टा जरा जवळून बघू, कारण सगळ्यात जास्त चुकीची तापमानं इथूनच बाहेर पडतात.

पॅरा-फॉर्मल्डिहाइडच्या तीन रेषा जवळजवळ आहेत: २१८.२२२, २१८.४७६ आणि २१८.७६० गिगाहर्ट्झ. पहिलीची वरची पातळी २१ केल्विनवर आहे, बाकी दोघींची ६८ केल्विनवर. म्हणजे दुसरी आणि तिसरी या जवळजवळ जुळ्या. थंड आणि गरम पातळीची तुलना करायला पहिलीबरोबर यातली कोणतीही एक चालावी.

पण २१८.४४० वर मिथेनॉलची रेषा बसली आहे. दुसऱ्या रेषेपासून ती ३६ मेगाहर्ट्झवर, म्हणजे वेगाच्या भाषेत सेकंदाला सुमारे ४९ किलोमीटरवर. आपल्या आकाशगंगेतल्या एखाद्या ढगात रेषा दोन-चार किलोमीटर रुंद असते, तिथे ही दोघं स्वच्छ वेगळी दिसतात. दीर्घिकेच्या गाभ्यात रेषांची रुंदी शंभराच्या घरात जाते. तिथे मिथेनॉल सरळ फॉर्मल्डिहाइडच्या पोटात शिरतं. शिवाय २१८.३२५ वर सायनोअॅसिटिलीन आहे, पहिल्या रेषेपासून १४१ किलोमीटरवर. रुंद रेषांत तिचा पंख तिथवर पोचतो.

म्हणून गरम रेषा म्हणून २१८.७६० चीच निवडा. २१८.४७६ फक्त पडताळणीला ठेवा: मिथेनॉल वेगळं काढल्यावर तिची तीव्रता २१८.७६० इतकीच यायला हवी. बरीच जास्त आली तर भेसळ आहे.

सावधान: एका रेषेवरून रेणू ओळखला असं मानू नका. त्या रेणूच्या, त्याच तापमानाला दिसायला हव्यात अशा इतर रेषा यादीतून काढा आणि त्यातली एखादी नसेल तर ओळख मागे घ्या.

## टप्पा ६: रेषेचं क्षेत्रफळ आणि त्यातली चूक

सगळ्या रेषांना एकच मुखवटा (घनातला कोणता भाग मोजायचा ते ठरवणारा) लावा आणि तो सीओ किंवा गुणोत्तरातल्या सगळ्यात प्रखर रेषेवरून बनवा. प्रत्येक रेषेला तिचा तिचा मुखवटा लावला तर कमजोर रेषेचे फक्त उंचवटे मोजले जातात आणि गुणोत्तर वाकडं होतं.

चूक दोन भागांत मोजा. गोंगाटाचा भाग = एका चॅनेलचा गोंगाट गुणिले चॅनेलची रुंदी गुणिले चॅनेल-संख्येचं वर्गमूळ. त्यावर कॅलिब्रेशनची चूक: अल्माच्या बँड ३ या वारंवारता-पट्ट्यासाठी साधारण ५ टक्के, बँड ६ आणि ७ साठी १० टक्के धरतात. दोन्ही रेषा एकाच निरीक्षणात, एकाच ट्यूनिंगमध्ये असतील तर कॅलिब्रेशनची चूक गुणोत्तरातून बहुतांशी निघून जाते. फॉर्मल्डिहाइडच्या तिन्ही रेषा जेमतेम ०.५४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात असल्याचा हा मोठा फायदा.

रेषा दिसली नाही तर गोंगाटाच्या तिप्पट वरची मर्यादा लिहा. शून्य लिहू नका आणि ती जागा कोरीही सोडू नका.

## टप्पा ७: रेडेक्सच्या आधी हाताने तापमान काढा

फॉर्मल्डिहाइडसाठी सूत्र छोटं आहे. २१८.२२२ ची तीव्रता भागिले २१८.७६० ची तीव्रता, हे गुणोत्तर घ्या. त्याला ०.५५६ ने गुणा, नैसर्गिक लॉग काढा आणि ४७.१ ला त्याने भागा. आलेला आकडा केल्विनमधलं तापमान. ४७.१ हा दोन वरच्या पातळ्यांतला फरक, ०.५५६ हे रेषांच्या अंगभूत बळाचं प्रमाण. रेषा पारदर्शक आणि वायू समतोलात असल्याचं यात गृहीत आहे.

आता आकडे घालून बघा. गुणोत्तर ४ असेल तर ५९ केल्विन. ३ असेल तर ९२. २.५ असेल तर १४३. आणि २ असेल तर थेट ४४४!

गुणोत्तरात १० टक्के चूक असेल तर ४ च्या जागी तापमान ५३ ते ६८ च्या मध्ये राहतं. २.५ च्या जागी ते १११ पासून २१० पर्यंत पसरतं. म्हणजे गरम वायूत हा तापमापक सैल होतो. "१४३ केल्विन" असा एकच आकडा छापणं मग अप्रामाणिकपणाचं ठरतं. "१०० च्या वर" हे खरं उत्तर.

तपासणी: गुणोत्तर १.८ च्या खाली आलं तर लॉग ऋण होतो आणि तापमानही ऋण येतं. इतकं कमी गुणोत्तर कोणत्याही तापमानाला शक्य नाही. भेसळ, अपारदर्शक रेषा किंवा बिघडलेली वजाबाकी यांपैकी काहीतरी नक्की आहे. टप्पा ३ आणि ५ पुन्हा करा.

इतर रेणूंसाठी भ्रमण-आलेख काढा. प्रत्येक रेषेच्या वरच्या पातळीतली स्तंभ घनता = १९४३ गुणिले वारंवारतेचा वर्ग (गिगाहर्ट्झ) गुणिले क्षेत्रफळ (केल्विन-किलोमीटर दर सेकंद), भागिले आइन्स्टाइनचा ए गुणांक (रेणू आपोआप प्रकाश सोडतो तो दर); उत्तर दर चौरस सेंटिमीटर. तिला पातळीच्या सांख्यिकी वजनाने भागून लॉग घ्या आणि पातळीच्या ऊर्जेसमोर मांडा. उताराचा व्यस्त म्हणजे तापमान. साध्या सीओवर हा आलेख काढू नका, रेषा अपारदर्शक असल्याने उतार खोटा येतो. बिंदू एका रेषेत न बसता वाकले तर बीममध्ये थंड आणि गरम असे दोन वायू असू शकतात, किंवा वरच्या पातळ्या समतोलात नसतील.

## टप्पा ८: आता रेडेक्स

रेडेक्सला वायूचं तापमान, हायड्रोजन रेणूंची घनता, पार्श्वभूमीचं (विश्वभर पसरलेल्या सूक्ष्मतरंग प्रारणाचं) तापमान, रेणूची स्तंभ घनता आणि रेषेची रुंदी लागते. घालताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत.

- स्तंभ घनता तुमच्या रेणूची द्यायची असते. तिथे हायड्रोजनची घातली तर रेषा अब्जावधी पटीने अपारदर्शक होते.
- स्तंभ घनता आणि रुंदी ही जोडगोळी आहे, निकाल त्यांच्या भागाकारावर ठरतो. रुंदी अर्ध्या उंचीवरची, ढगाच्या रेषेची घ्या. बीममध्ये दीर्घिकेच्या फिरण्याने पसरलेली रुंदी घालून एका ढगाचं मॉडेल चालवू नका.
- लामडाच्या फाइलीत टक्करींचे दर एका तापमानापर्यंतच असतात, पुष्कळदा ३०० केल्विनपर्यंत. त्यापलीकडेही प्रोग्राम उत्तर छापतो, पण त्यामागे मोजलेला किंवा गणलेला दर नसतो.
- ऑर्थो आणि पॅरा प्रकारांच्या फाइली वेगळ्या असतात. आपल्या तीन रेषा पॅराच्या आहेत.

एक-दोन बिंदूंवर प्रोग्राम चालवून "जुळलं" म्हणू नका. तापमान २० ते ३००, घनता शंभर ते एक कोटी, असा जाळीदार पट चालवा आणि प्रत्येक बिंदूवर निरीक्षणाशी फरक मोजा. सीओच्या खालच्या दोन-तीन रेषांवर हे केलंत तर केळ्याच्या आकाराचा लांबट पट्टा मिळतो, कारण गरम-विरळ आणि थंड-दाट वायू सारखंच गुणोत्तर देतात. तो पट्टा आखूड करण्याचा मार्ग म्हणजे टप्पा ७ मधलं तापमान आधी पक्कं करणं आणि मग एचसीएनच्या १–०, ३–२ आणि ४–३ (८८.६, २६५.९ आणि ३५४.५ गिगाहर्ट्झ) वरून घनता शोधणं. तिन्ही रेषा अल्केमीच्या पट्ट्यात आहेत.

मॉडेलमधलं रेषेचं तापमान निरीक्षणातल्यापेक्षा जवळजवळ नेहमीच जास्त असतं, कारण ढग बीम पूर्ण भरत नाहीत. ५ पार्सेकचा ढग २८ पार्सेकच्या बीममध्ये जेमतेम ३ टक्के जागा घेतो. गुणोत्तरातून हा भरण-घटक निघून जातो, मात्र दोन्ही रेषा त्याच ढगांतून येत असतील तरच.

तपासणी: आउटपुटमध्ये तीन रकाने वाचा. अपारदर्शकता शंभराच्या वर असेल तर तो बिंदू सोडा. उत्तेजन-तापमान (रेषेच्या दोन पातळ्यांतल्या रेणूंच्या प्रमाणावरून येणारं) ऋण असेल तर मेसर आहे, म्हणजे रेषा लेसरसारखी वायूतच वाढत जाते, तिथे या पद्धतीवर भिस्त ठेवू नका. निरीक्षण भागिले मॉडेल हा भरण-घटक १ च्या वर गेला तर तो बिंदू अशक्य, मग गुणोत्तर कितीही सुंदर जुळो.

## टप्पा ९: उत्तराला लांबीची कसोटी

ही कसोटी दोन मिनिटांची आहे आणि बहुतेक जण ती करत नाहीत. हायड्रोजनची स्तंभ घनता भागिले घनता म्हणजे दृष्टिरेषेवरची वायूची लांबी. समजा स्तंभ घनता दर चौरस सेंटिमीटरला १० चा २३ वा घात आहे. घनता दहा हजार असेल तर लांबी ३.२ पार्सेक येते, ढगाला शोभेल अशी. जाळीतून शंभर ही घनता "उत्तम जुळणारी" म्हणून बाहेर आली असेल तर लांबी ३२४ पार्सेक होते. २८ पार्सेकच्या बीममधले ढग सवातीनशे पार्सेक खोल कसे असतील? असे बिंदू जाळीतून आधीच वगळा, केळं बरंच आखूड होतं.

वस्तुमानाशीही ताळा घ्या. सीओच्या प्रखरतेला ४.३ (दर केल्विन-किलोमीटर-दर-सेकंद-चौरस पार्सेकला इतकी सौर वस्तुमानं, हेलियम धरून) हा आकाशगंगेचा गुणक लावतात. धडाक्याने तारे घडवणाऱ्या, अवरक्तात झगझगीत दीर्घिकांसाठी ०.८ च्या आसपासचा वापरतात. पाचपटीहून जास्त फरक! कोणता लावला ते अहवालात लिहा आणि आलेलं वस्तुमान फिरण्याच्या वेगावरून काढलेल्या एकूण वस्तुमानापेक्षा जास्त तर होत नाही ना, ते बघा.

निकालाशेजारी बीमचा आकार पार्सेकमध्ये, वापरलेल्या रेषा, कॅलिब्रेशनची धरलेली चूक आणि टक्करींच्या फाइलीचं साल छापा. पट्टी न सांगता दिलेलं तापमान दुसऱ्या कोणाच्या आकड्याशी ताडून बघता येत नाही. लहान बीमने त्याच गाभ्यात जास्त गरम वायू दिसतो.

## टप्पा १०: दीर्घिका खरोखर दूर असेल तर

रेडेक्समधलं पार्श्वभूमीचं तापमान २.७३ वर तसंच राहू देणं ही इथली पहिली चूक. ते २.७२५ गुणिले (१ अधिक ताम्रसृती) असतं. ताम्रसृती ४ ला १३.६ केल्विन. तिथल्या २० केल्विनच्या अपारदर्शक वायूची सीओ १–० रेषा पार्श्वभूमीवर फक्त ६.३ केल्विन उठून दिसते. तोच वायू जवळ असता तर १६.५ केल्विन दिसली असती. थंड वायू गायब नसतो, उजेडात बुडालेला असतो. रेषेच्या प्रखरतेचं सूत्र लावताना ताम्रसृतीचे घात आणि ल्युमिनॉसिटी-अंतर तपासा, आणि रेडेक्सला वारंवारता नेहमी मूळच द्या.

दूरच्या, विरळ वायूला उत्सर्जनापेक्षा शोषणात पकडणं सोपं जातं. मागे प्रखर क्वेसार (अतिदूरच्या दीर्घिकेचा फार तेजस्वी गाभा) हवा. पीकेएस १८३०–२११ हे ठेवणीतलं उदाहरण: ०.८८६ ताम्रसृतीची सर्पिल दीर्घिका मागच्या क्वेसारच्या दोन प्रतिमा पाडते आणि त्यांच्या प्रकाशात आपल्याच वायूच्या रेषा काळ्या उमटवते. त्या विरळ वायूत रेणूंचं उत्तेजन-तापमान जवळजवळ पार्श्वभूमीइतकंच असतं, म्हणून अनेक रेणूंवरून २०१३ मध्ये तिथलं पार्श्वभूमीचं तापमान ५.०८ अधिक-उणे ०.१० केल्विन मोजता आलं. सूत्राने ते ५.१४ यायला हवं.

शोषणात हिशेब वेगळा. अपारदर्शकता म्हणजे उरलेल्या प्रकाशाच्या अंशाच्या लॉगचा ऋण, पण तो अंश वायूने झाकलेल्या भागापुरताच काढायचा. दोन्ही प्रतिमा बीममध्ये एकत्र आल्या तर पूर्ण अपारदर्शक रेषाही शून्यापर्यंत पोचत नाही, तिचा तळ वरच सपाट होतो. असा सपाट तळ दिसला की झाकलेला अंश त्यावरूनच काढा. त्या रेषेला "मध्यम खोल" समजून स्तंभ घनता काढू नका. आणि या क्वेसारचा प्रकाश बदलत राहतो, त्याबरोबर शोषणाची खोलीही बदलते. गुणोत्तरातल्या दोन रेषा एकाच सुमारास निरीक्षिलेल्या आहेत ना, हे संग्रहातल्या तारखांवरून बघूनच त्या जोडीला घ्या.